गुडघा न उघडता त्यातली गाठ काढणारा डॉक्टर : मासाकी वातानाबे यांची गोष्ट

गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कुणी सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. कापून केलं की दुर्बिणीतून?

दुर्बिणीतून म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. दोन-तीन बारीक भोकं, दवाखान्यात एखादा दिवस, आणि पेशंट घरी. क्रिकेटपटूंच्या बातम्यांमध्ये हा शब्द इतक्या वेळा येतो की ही दुर्बीण खेळाडूंसाठीच शोधली असावी असं वाटतं.

पण तसं नाहीये. गुडघ्यात दुर्बीण घालून जे पहिलं ऑपरेशन झाल्याची नोंद आहे, ते ना लिगामेंटचं होतं, ना गादी फाटल्याचं. ते होतं एका गाठीचं. ही गाठ कॅन्सरची नव्हती, पण इतकी दुर्मीळ होती की अनेक डॉक्टरांना पूर्ण कारकिर्दीत ती एकदाही दिसत नाही.

तारीख होती ९ मार्च १९५५. शहर टोकियो. आणि डॉक्टरांचं नाव मासाकी वातानाबे.

आज जगभरातले हाडांचे डॉक्टर त्यांना आधुनिक आर्थ्रोस्कोपीचे जनक मानतात. पण हे काम त्यांनी जगाला दाखवलं, तेव्हा जगाने ते बघितलं, मान डोलावली आणि विसरून गेलं. त्यांची ही गोष्ट आहे, आणि सोबत त्या गाठीचीही.

आधी गाठ समजून घेऊ

गुडघ्याच्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. हे अस्तर थोडंसं तेलकट पाणी तयार करतं. त्याच पाण्यामुळे सांधा घासत नाही. आपण गुडघ्यातलं वंगण म्हणतो ते हेच.

कधीकधी या अस्तराची वाढ बिघडते. त्याची एखादी गाठ तयार होते, नाहीतर पूर्ण अस्तरच जाड होऊन त्याला शेवाळासारखे तंतू फुटतात. त्यातून आतल्या आत थोडं थोडं रक्त येत राहतं. रक्तातलं लोह अस्तरात साठतं आणि अस्तराला गंजासारखा तांबूस-तपकिरी रंग चढतो.

या आजाराची वर्णनं एकोणिसाव्या शतकापासून सापडतात. पण प्रत्येक डॉक्टर त्याला वेगळं नाव द्यायचा. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री जॅफे, लुई लिखटेनस्टाइन आणि चार्ल्स सुत्रो या तिघांनी हे सगळे एकाच आजाराचे प्रकार आहेत असं मांडलं आणि त्याला एक लांबलचक नाव दिलं, पिगमेंटेड विलोनोड्युलर सायनोव्हायटिस. डॉक्टर त्याला पीव्हीएनएस म्हणतात. आता त्याचं नवं नाव टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर असं आहे. नावात ट्यूमर असला तरी ही गाठ सहसा कॅन्सरसारखी शरीरभर पसरत नाही.

किती दुर्मीळ? १९८० च्या एका प्रसिद्ध अभ्यासात मोठ्या सांध्यातल्या पीव्हीएनएसचं प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १.८ इतकं आलं होतं. हा आजार बहुतेक वेळा तरुण किंवा मध्यमवयीन माणसांना होतो, आणि मोठ्या सांध्यांपैकी सगळ्यात जास्त गुडघ्याला होतो.

जीव जात नाही, मग घाबरायचं कशाला? कारण गुडघा जातो. सूज येते, उतरते, परत येते. गुडघा मध्येच अडकतो. दुर्लक्ष झालं तर काही जणांमध्ये ही वाढ कूर्चा आणि हाड कुरतडायला लागते.

आणि खरी पंचाईत पुढेच आहे. साध्या एक्स-रेमध्ये ही गाठ सहसा दिसत नाही. एक्स-रे हाड दाखवतो, अस्तर नाही. म्हणजे १९५० च्या आसपास डॉक्टरांकडे दोनच रस्ते होते. अंदाज बांधायचा, नाहीतर गुडघा सुरीने उघडून बघायचा. आणि उघडलेला गुडघा पुन्हा पूर्वीसारखा वाकेलच याची खात्री नसायची.

गुडघा न वाकणं म्हणजे काय, हे जपानला विचारा

वातानाबेंच्या गोष्टीची सुरुवात त्यांच्या गुरूंपासून करावी लागते. त्यांचं नाव केंजी ताकागी.

ताकागी टोकियोच्या विद्यापीठात हाडांचे डॉक्टर होते. त्या काळी जपानमध्ये गुडघ्याच्या टीबीचे रुग्ण मोठ्या संख्येने यायचे. टीबीने सांधा खराब व्हायचा आणि शेवटी गुडघा ताठ व्हायचा.

आता जपानी घर डोळ्यांसमोर आणा. जेवण जमिनीवर, पाहुण्यांचं स्वागत जमिनीवर, प्रार्थना जमिनीवर. बसायची रीत म्हणजे आपल्या वज्रासनासारखी, पाय दुमडून टाचांवर. ज्याचा गुडघा वाकत नाही, तो माणूस स्वतःच्या घरातच परका होतो. मांडी घालून पंगतीत बसणाऱ्या आणि देवघरापुढे पाट मांडणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

ताकागींना टीबी लवकर ओळखायचा होता. गुडघा ताठ व्हायच्या आधी. त्यासाठी आत बघणं गरजेचं होतं. १९१८ मध्ये त्यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण घेतली आणि ती एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली. आतलं दिसलं.

युरोपातही अशी धडपड सुरू होती. डेन्मार्कच्या सेव्हेरिन नॉर्डनटॉफ्ट यांनी १९१२ मध्येच ही कल्पना मांडली होती. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन बिर्शर यांनी १९२१ मध्ये आपले अनुभव छापले, पण पुढे त्यांनी हा नाद सोडला. ताकागींनी सोडला नाही. मूत्राशयाची दुर्बीण गुडघ्यासाठी जाड पडत होती, म्हणून ते एकामागून एक नवी दुर्बीण बनवत गेले. १९३१ पर्यंत त्यांनी तिची जाडी साडेतीन मिलिमीटरवर आणली. आतले फोटो काढले, फिल्म काढली.

याच ताकागींचा विद्यार्थी म्हणजे मासाकी वातानाबे.

युद्ध, राख आणि एक अर्धवट काम

वातानाबेंचा जन्म १९११ चा. १९३७ मध्ये ते टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि ताकागींच्या हाताखाली आले. त्याच वर्षी जपान आणि चीनचं युद्ध पेटलं, पुढे ते दुसऱ्या महायुद्धात मिसळलं, आणि गुडघ्यात बघायच्या दुर्बिणीचं काम मागे पडलं.

९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले. पहाटेपर्यंत शहराचा मोठा भाग जळून गेला होता. मृतांचा आकडा साधारण एक लाख सांगितला जातो. दहा लाखांच्या वर माणसं बेघर झाली. वातानाबेंनी दुर्बिणीतून पहिलं ऑपरेशन केलं, ते याच शहरात आणि योगायोगाने याच तारखेला, बरोबर दहा वर्षांनी.

मधल्या काळात काय झालं? युद्धानंतर वातानाबे टोकियोच्या तेइशिन हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. देश उपाशी होता, साहित्य मिळत नव्हतं. अशा दिवसांत त्यांनी गुरूंचं अर्धवट राहिलेलं काम हातात घेतलं. ताकागींनी बारा मॉडेल बनवली होती. वातानाबेंनी तेराव्यापासून पुढे मोजायला सुरुवात केली.

हे जरा थांबून लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांनी आपल्या पहिल्या दुर्बिणीला एक नंबर दिला नाही. गुरूंच्या आकड्याला जोडूनच ते पुढे मोजत गेले.

९ मार्च १९५५

ताकागींची दुर्बीण प्रामुख्याने बघण्यासाठी होती. वातानाबेंच्या मनात पुढचा प्रश्न होता. जे दिसतंय, ते तिथल्या तिथे काढता येईल का?

त्यांच्यासमोर जो रुग्ण होता, त्याच्या गुडघ्यात अस्तरापासून वाढलेली एकच सुटी गाठ होती. जागा होती गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाजूचा कप्पा.

पहिल्या ऑपरेशनसाठी गाठच का योग्य होती, ते थोडा विचार केला की कळतं. वाटीच्या वरचा हा कप्पा गुडघ्यातली सगळ्यात मोकळी जागा. सांध्यात मिठाचं निर्जंतुक पाणी भरलं की तो पिशवीसारखा फुगतो आणि आत हत्यार फिरवायला वाव मिळतो. शिवाय एकटी गाठ बऱ्याचदा देठासारख्या बारीक भागावर लटकलेली असते. देठ सुटला की गाठ सुटली. गुडघ्याची गादी मात्र दोन हाडांच्या चिमटीत, अतिशय अरुंद जागेत असते. तिथे पोहोचायला वातानाबेंना अजून सात वर्षं लागणार होती.

तेव्हाची परिस्थिती कशी असेल, याची आज कल्पना करणं अवघड आहे. समोर स्क्रीन नाही. डॉक्टरांनी एक डोळा दुर्बिणीला चिकटवायचा आणि जे दिसेल ते एकट्यानेच बघायचं. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाला काहीच दिसत नाही. उजेडासाठी दुर्बिणीच्या टोकाला चिमुकला दिवा, तोही थेट सांध्याच्या आत.

वातानाबेंनी गाठ काढली. पूर्ण गुडघा न उघडता.

काढलेल्या गाठीची तपासणी झाली तेव्हा ती अस्तराची जायंट सेल गाठ निघाली. आपण वर जिच्याबद्दल बोललो, त्याच कुटुंबातली. म्हणजे निदानही दुर्बिणीने आणि उपचारही दुर्बिणीने. आजवर जे काम फक्त सुरीने व्हायचं, ते एका नळीतून झालं होतं.

एकविसावी दुर्बीण

एक ऑपरेशन जमलं म्हणजे पद्धत तयार झाली असं नसतं. ती दुसऱ्या डॉक्टरच्या हातातही जमली पाहिजे. त्यासाठी हवी होती भरवशाची दुर्बीण, जी कारखान्यात पुन्हा पुन्हा तशीच बनवता येईल.

युद्धानंतरच्या जपानमध्ये कॅमेरे आणि भिंगांचा उद्योग वेगाने उभा राहत होता. वातानाबेंना त्याचा फायदा झाला. एकेक मॉडेल सुधारत पन्नासचं दशक संपता संपता ते एकविसाव्या क्रमांकावर पोहोचले. वातानाबे नंबर २१. गुडघ्यासाठी नियमितपणे बनवून विकली गेलेली ही पहिली यशस्वी दुर्बीण मानली जाते.

ती निर्दोष नव्हती. टोकाचा दिवा तापायचा. कधी विजेचा दोष व्हायचा, आणि काच आत फुटली तर ती शोधून काढणं ही वेगळीच डोकेदुखी. पण तिच्यातून दिसायचं मात्र लख्ख आणि विस्तीर्ण. पुढची जवळपास दोन दशकं जगातल्या अनेक डॉक्टरांनी गुडघ्याचं अंतरंग पहिल्यांदा बघितलं ते याच दुर्बिणीतून.

सोबत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. १९५७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर इंग्रजीत एक अ‍ॅटलास छापला. त्यात गुडघ्याच्या आतलं जग चित्रकाराने हाताने रंगवलेलं होतं. निरोगी अस्तर कसं दिसतं, आजारी कसं दिसतं, गाठ कशी दिसते. रंगीत फोटोंची दुसरी आवृत्ती १९६९ मध्ये आली.

हे पुस्तक का महत्त्वाचं? कारण नुसतं आत बघून निदान होत नसतं. आपण काय बघतोय हे कळावं लागतं. दुर्मीळ गाठ तर आधी बघितलेलीच नसते. ज्याने आयुष्यात कधी हापूस बघितला नाही, त्याला पेटीतला खरा हापूस ओळखायला सांगून उपयोग काय? वातानाबेंनी डॉक्टरांना नळी दिली आणि ओळखायची नजरही दिली.

जगाने मान डोलावली आणि पाठ फिरवली

१९५७ मध्येच वातानाबे परदेश दौऱ्यावर निघाले. युरोप, मग उत्तर अमेरिका. सोबत पुस्तक, फिल्म आणि दुर्बीण.

लोकांनी आदराने ऐकलं. टाळ्याही वाजल्या असतील. पण पुढे काही घडलं नाही.

कारणं समजण्यासारखी होती. तेव्हाच्या सर्जनचा भरवसा स्वतःच्या बोटांवर आणि उघड्या डोळ्यांवर. सांधा नीट उघडा म्हणजे सगळं स्पष्ट दिसतं, ही शिकवण. नळीतून बघणं म्हणजे कुलुपाच्या भोकातून खोली बघणं. जे काम सुरीने अर्ध्या तासात होतं, त्यासाठी इतका खटाटोप कशाला? शिवाय हे सांगणारा माणूस नुकत्याच हरलेल्या देशातून आलेला, आणि त्याची इंग्रजीही तोडकी.

वातानाबे परत आले आणि कामाला लागले. भांडण नाही, तक्रार नाही. ४ मे १९६२ रोजी त्यांच्याकडे १७ वर्षांचा एक मुलगा होता. बास्केटबॉल खेळताना त्याचा गुडघा मुरगळला होता आणि गादी फाटली होती. वातानाबेंनी दुर्बिणीतून फक्त फाटलेला तुकडा काढला, बाकी गादी शाबूत ठेवली. सहा आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा कोर्टवर खेळत होता.

त्या काळी फाटलेली गादी बहुतेक वेळा पूर्ण काढून टाकायचे. त्यामुळे पुढे अनेकांचे गुडघे अकाली झिजायचे. हवं तेवढंच काढायचं आणि बाकी जपायचं, हा विचार वातानाबेंच्या दुर्बिणीमुळे प्रत्यक्षात आणता आला. आज तुमचा आवडता खेळाडू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मैदानात परततो, त्याची मुळं त्या दिवशीच्या टोकियोत आहेत.

इंग्रजीच्या बदल्यात दुर्बीण

१९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक भरलं. कॅनडाच्या संघाबरोबर रॉबर्ट जॅक्सन नावाचे तरुण डॉक्टर आले होते. पुढचे काही महिने ते शिष्यवृत्तीवर टोकियोतच राहिले. गुडघ्यात दुर्बीण घालणाऱ्या एका डॉक्टरबद्दल त्यांनी ऐकलं आणि ते तेइशिन हॉस्पिटलमध्ये जाऊन धडकले.

दोघांमध्ये एक साधा व्यवहार ठरला. वातानाबे त्यांना दुर्बीण शिकवणार, आणि जॅक्सन त्यांना इंग्रजी.

जॅक्सन टोरंटोला परतले ते सोबत नंबर २१ घेऊनच. तिथेही सुरुवातीला सहकाऱ्यांनी थट्टा केली. पण ते बघत राहिले, नोंदी ठेवत राहिले आणि शिकवत राहिले. १९७२ मध्ये त्यांनी आणि आबे यांनी सलग २०० तपासण्यांचा अभ्यास छापला. मग मात्र पाश्चात्त्य डॉक्टरांचे कान टवकारले. पुढे फायबर ऑप्टिक आल्यामुळे तापणारा दिवा सांध्याबाहेर गेला. टीव्ही कॅमेरा आला आणि एका डोळ्याचं दृश्य पूर्ण खोलीला दिसू लागलं.

१९९४ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकी मासिकाने खेळाच्या जगावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या ४० व्यक्तींची यादी काढली. त्यात खेळाडूंच्या नावांमध्ये एका डॉक्टरचं नाव होतं. रॉबर्ट जॅक्सन. ज्यांच्याकडून ते शिकले, त्यांचं नाव मात्र आजही सामान्य माणसाला फारसं ठाऊक नाही.

डॉक्टर मंडळी विसरली नाहीत. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात इंटरनॅशनल आर्थ्रोस्कोपी असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा पहिलं अध्यक्षपद वातानाबेंना दिलं गेलं. १७ वर्षांपूर्वी ज्या पाहुण्याला नुसता आदर मिळाला होता, त्याच्याच हातात आता संघटनेची सूत्रं होती.

आणि आकडा? तो चालूच होता. १९७० मध्ये त्यांनी नंबर २४ बनवली. जाडी फक्त १.७ मिलिमीटर, साधारण स्वेटर विणायच्या बारीक सुईएवढी. तिच्यामुळे घोट्यासारख्या छोट्या सांध्यांमध्येही डोकावता येऊ लागलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात वातानाबे गेले. तोवर गुडघ्याची दुर्बीण जगभरातल्या शहरांमधली रोजची गोष्ट झाली होती.

मग त्या गाठीचं काय झालं?

इथे गोष्ट संपवली तर ती गोड वाटेल, पण अर्धवट राहील.

वातानाबेंनी काढली ती एकटी गाठ होती. अशी गाठ दुर्बिणीतून पूर्ण काढली तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि ती परत येण्याची शक्यता कमी असते. पण या आजाराचा दुसरा, पसरलेला प्रकार हट्टी आहे. त्यात गुडघ्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्या कप्प्यांमधलं अस्तर बिघडतं. मागच्या बाजूला, जिथे पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, तिथे दुर्बिणीने सगळं साफ करणं अवघड असतं. थोडं जरी राहिलं तरी ते पुन्हा वाढतं. म्हणून काही वेळा पुढून दुर्बीण आणि मागून उघडं ऑपरेशन असं दोन्ही करावं लागतं. काही रुग्णांची ऑपरेशनं तर वारंवार होतात.

म्हणजे ज्या सुरीला दुर्बिणीने हटवलं, ती सुरी काही जागी अजूनही लागते.

निदान मात्र खूप बदललं. १९८० च्या दशकात एमआरआय आला आणि गुडघ्याच्या अस्तराचं चित्र बाहेरूनच मिळू लागलं. या आजारात अस्तरात साठलेलं लोह एमआरआयमध्ये काळं दिसतं. ती मोठी खूण असते. तरीही शेवटचा शिक्का बायोप्सीचाच. तुकडा घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आणि तो तुकडा घ्यायला पुष्कळदा आजही दुर्बीणच वापरतात.

२००६ मध्ये या आजाराचं मूळही बऱ्याच अंशी कळलं. काही पेशींमध्ये जनुकांची अदलाबदल होते आणि त्या सीएसएफ-१ नावाचं प्रथिन भरमसाट बनवू लागतात. ते प्रथिन शरीराच्या इतर पेशींना तिथे बोलावून घेतं. गाठीत गर्दी असते ती मुख्यतः या बोलावलेल्या पेशींची. हे कळल्यावर ते आमंत्रणच थांबवणारी औषधं बनली. पेक्सिडार्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. ते यकृताला गंभीर इजा करू शकतं, त्यामुळे ते कडक देखरेखीखाली आणि ऑपरेशनने फायदा होणार नाही अशाच रुग्णांना दिलं जाऊ लागलं. २०२५ मध्ये तिथे व्हिमसेल्टिनिब हे आणखी एक औषध मंजूर झालं.

आपल्या गुडघ्याशी याचा संबंध

आपल्याकडे एकाच गुडघ्याला महिनोन्‌महिने सूज असेल तर डॉक्टरांच्या मनात टीबीचा विचार येतो. त्यात चूक काहीच नाही. ताकागींनीही दुर्बीण उचलली ती टीबीसाठीच. भारतात टीबी खूप आहे आणि पीव्हीएनएस फारच कमी. अडचण होते ती तपासणी न करता नुसत्या अंदाजावर औषधं सुरू झाली तर. टीबीच्या गोळ्यांनी ही गाठ जात नाही. रुग्णाचे महिने मात्र जातात.

गुडघ्याची प्रत्येक सूज म्हणजे गाठ नव्हे, हे आधी नीट लक्षात घ्या. मार लागणं, झीज, संधिवात, संसर्ग ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. पण एकच गुडघा वारंवार सुजत असेल, मार लागल्याचं आठवत नसेल, सुईने काढलेलं पाणी पुन्हा पुन्हा तांबूस-तपकिरी येत असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. एमआरआय करून अस्तर बघायची गरज आहे का? मालिश, लेप आणि वंगण वाढवणाऱ्या पुड्या यांत वर्ष घालवण्याआधी हा प्रश्न विचारलेला बरा.

वातानाबे आयुष्यभर याच एका गोष्टीच्या मागे होते. बाहेरून अंदाज बांधू नका, आत बघा. आणि बघण्यासाठी माणसाचा गुडघा खर्ची घालू नका. ज्या गाठीपासून त्यांनी सुरुवात केली, ती इतकी दुर्मीळ होती की तिच्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी तो केला. त्याच नळीतून पुढे लाखो गुडघे बरे झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये ती गाठ नव्हतीच.